गोव्यातल्या जमिनीच्या ऑनलाइन सेवा: उतारा झटपट मिळतो, पण त्याच्यावरचं नाव बदलायचं तर…

आधी मार्क सांगून टाकते, कारणं खाली आहेत. उतारा बघायला आणि काढायला गोव्याची ऑनलाइन सेवा खरंच चांगली आहे, पाचपैकी साडेचार. दस्त नोंदवायची कॉम्प्युटर सिस्टीमपण चांगली, चार. पण त्या उताऱ्यावरचं नाव बदलायची जी सगळी भानगड आहे, म्युटेशन (फेरफार), वारसनोंद, पार्टिशन (जमिनीची वाटणी), तिला दोनच्या वर द्यायला माझा हात धजत नाही. आणि सामान्य माणसाचं खरं काम तिथेच असतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी काही वकील नाही. सासरे गेल्यावर घरातली कागदांची पेटी माझ्याकडे आली, ती उपसता उपसता शिकले आणि मग शेजारपाजारच्यांचेही उतारे काढून द्यायला लागले. त्यामुळे जे लिहितेय ते वापरून वापरून झालेलं मत आहे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात जसा सातबारा तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा, म्हणजे नमुना १ आणि १४ एकाच कागदावर. शहरी भागात सिटी सर्व्हे झालाय तिथे फॉर्म डी. १९६८ चा लँड रेव्हेन्यू कोड (गोव्याचा जमीन महसूल कायदा) आला, मग १९७० च्या दशकात गावोगाव मोजणी झाली आणि त्यातून हे कागद तयार झाले. आधी पोर्तुगीजांच्या काळातला सगळा कारभार वेगळाच होता, त्याच्याकडे नंतर येते. हा एक-चौदा काढायचा म्हणजे पूर्वी कचेरीत जा, अर्ज लिहा, शिपायाला विचारा, दप्तर सापडलं तर नशीब, मग हाताने लिहिलेली प्रत आणि त्याच्यावर शिक्का. बागेत माणसं लावून ठेवलेली असताना अख्खी सकाळ त्याच्यात जायची.

आता गोवा ऑनलाइन ह्या सरकारी पोर्टलवर तालुका निवडायचा, गाव निवडायचं, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर टाकायचा, उतारा समोर. डिजिटल सहीची प्रत हवी असेल तर पैसे भरून तीपण घरबसल्या. बाराही तालुके त्याच्यात आहेत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. माझी नणंद मुंबईला असते, ती तिथे बसून आपल्या माहेरच्या भाटाचा, म्हणजे बागेचा, उतारा बघते आणि मला फोन करून विचारते की वहिनी हा इतर हक्कांच्या रकान्यात कोण आलाय, तर ही साधी गोष्ट नाहीये. पूर्वी बाहेर गेलेल्या माणसाला आपल्या नावावर काय आहे आणि काय राहिलंय ते गावातला कोणीतरी सांगेल तेवढंच कळायचं. आता प्रत्येकाला स्वतः बघता येतं. माझ्या मते या सगळ्या कॉम्प्युटरायझेशनचं सगळ्यात मोठं यश हेच, बाकीचं नंतर.

तो कागद एकदा नीट वाचा, मी मनापासून सांगते. मथळे इंग्रजीत आणि देवनागरीत दोन्ही आहेत. वर शेताचं नाव असतं, सर्व्हे नंबर नाही, शेताचं नाव, जे आपल्या आजोबांच्या तोंडी होतं ते, आणि आता नव्या पिढीला ते त्या कागदावरच भेटतं. मग लागण क्षेत्र, त्याच्यात रकाने कसे, जिरायत, बागायत, तरी (भाताची), खाजन, केर, मोरड. खाजन म्हणजे नदीच्या भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली खालची जमीन, मोरड म्हणजे वरची पावसावरची. ही विभागणी दुसऱ्या कुठल्या राज्याच्या उताऱ्यात बघायला मिळणार नाही, इथल्या मातीची आहे. पुढे पोटखराब, मग आकार, फोर, प्रेदियाल, हे शेवटचे दोन शब्द पोर्तुगीज काळातले करांचे, ते अजून तिथे बसलेत. त्याखाली कब्जेदाराचं नाव, खाते नंबर, फेरफार नंबर, शेरा. मग कुळाचं नाव. मग इतर हक्क. बहुतेक लोक फक्त क्षेत्रफळ आणि पहिलं नाव बघून कागद घडी घालतात. असं करू नका. भांडणं सगळी खालच्या दोन रकान्यांत असतात. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती, जिने कूळ हाच मालक मानला, ती लागू होते की नाही ते बघावं लागतं. इतर हक्कात मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर असेल तर १९७५ चा मुंडकार कायदा. ज्यांनी बाहेरून येऊन प्लॉट घेतले आणि नंतर कपाळावर हात मारला त्यांतल्या बऱ्याच जणांनी हे दोन रकाने वाचलेच नव्हते.

आता तक्रारीकडे.

कॉम्प्युटरवर जे चढवलं ते १९७० च्या दशकातलं पान. चढवणाऱ्यांनी आपलं काम प्रामाणिकपणे केलं असेल, पण त्या पानावर जी माणसं आहेत त्यातली कितीतरी केव्हाच गेली. आमच्याच घराचं सांगते. आमच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून आजेसासरे आणि त्यांचे भाऊ. एकही हयात नाही. त्यांच्या मुलांपैकीपण थोडेच उरलेत. नातवंडं कोणी वास्कोला, कोणी पुण्याला, कोणी आखातात, एक शाखा पोर्तुगालला. म्हणजे उतारा निघतो मिनिटात पण निघतो तो देवाघरी गेलेल्या माणसांच्या नावाचा, आणि त्याच्यावर डिजिटल सही असल्यामुळे तो आणखीनच पक्का वाटतो. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो रेकॉर्ड क्लिअर आहे.

आणि ह्याच्याहून मोठी गोष्ट बायकांची. हे मला फार लागतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोव्यात लग्न झालं की, वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक होते, निम्मी निम्मी. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेलं आहे हे, आणि वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आलाय जो २०१६ पासून लागू झाला. नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही. सगळा देश समान नागरी कायदा म्हणून आमच्याकडे बोट दाखवतो तो ह्याच गोष्टीसाठी. बरं हे नुसतं पुस्तकात नाहीये, इन्कम टॅक्सवाल्यांनीही मानलंय, आयकर कायद्यात खास तरतूद आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ५अ ते हेच) ज्याच्यामुळे गोव्यातल्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, घरभाडं वगैरे, दोघांत अर्धं अर्धं धरतात. म्हणजे दिल्लीला बसलेल्या टॅक्सच्या खात्याला माझा अर्धा हिस्सा माहीत आहे. आणि आमच्या गावच्या उताऱ्यावर? बहुतेक जुन्या उताऱ्यांवर एका पुरुषाचं नाव, संपलं. मोजणीच्या वेळी जो कर्ता पुरुष समोर उभा राहिला त्याचं नाव पडलं. बायकोचं नाव नाही, बहिणींचं तर नाहीच नाही, आणि इथे मुलींना मुलांइतकाच वाटा आहे.

हे कॉम्प्युटरायझेशन करताना एक रकाना वाढवता आला असता. जोडीदाराचं नाव, लग्नाची नोंद कुठे, नोंदणी नंबर काय. आणि इथे मजबूत मुद्दा असा की गोव्यात लग्नाची नोंद आणि जमिनीच्या दस्ताची नोंद एकाच कचेरीत होते, सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रार, तोच तालुका, तेच कार्यालय. एकाच छपराखाली दोन्ही रजिस्टरं. दुसऱ्या राज्यांना हे जमवायला जड जाईल, आपल्याला सगळ्यात सोपं होतं. ते जोवर होत नाही तोवर बायकोचा हक्क विक्रीच्या दिवशी कोणी सही मागितली तर दिसतो, आणि मधल्या काळात उताऱ्यावर नाही म्हणून पंचायतीत नाही, बँकेत नाही, सोसायटीत नाही. शेतावर राबणारी बाई सरकारी योजनेचा फॉर्म भरायला गेली की तिला विचारतात उताऱ्यावर नाव आहे का.

आता नाव चढवायचं म्हटलं तर रस्ता कसा, तेही सांगते कारण ह्यातच तीन स्टार गेलेत. माणूस वारला की आधी वारस ठरायला हवेत. सगळ्यांचं एकमत असेल तर सब-रजिस्ट्रारच नोटरी म्हणून डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, करतो, ते सरकारी राजपत्रात जाहीर होतं. एकमत नसेल किंवा वाटपच करायचं असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप करायचा दावा. हे झालं की म्युटेशनचा अर्ज, सगळ्या संबंधितांना नोटिसा, कोणी हरकत घेतली तर सुनावणी, नाही घेतली तर नोंद प्रमाणित. जमीन प्रत्यक्ष वेगळी करायची तर पार्टिशनचा अर्ज वेगळा, त्याला सर्व्हेअर येऊन मोजणार मग नवीन हिस्सा नंबर पडणार. ह्या प्रत्येक पायरीला वेगळी खिडकी आहे आणि एका खिडकीला दुसरीचं आपोआप काही कळत नाही, कागद आपणच नेऊन द्यायचे. वारसाचं डीड सरकारी माणसानेच केलेलं, सरकारी राजपत्रातच छापलेलं, तरी त्याची सर्टिफाइड कॉपी काढून मी ती दुसऱ्या सरकारी टेबलावर ठेवायची, का? हा जोड कॉम्प्युटरने आधी द्यायला हवा होता.

आमचा अर्ज ऑनलाइन गेला, नंबर पडला, छान वाटलं. मग तो तिथेच. फोनवर स्टेटस बघितलं की प्रलंबित. कशासाठी प्रलंबित, कोणाकडे, काय कमी आहे, काही नाही. शेवटी मी कचेरीत गेले. कुठली ते लिहीत नाही, कारण तिथला पोरगा बिचारा सरळ होता, तो म्हणाला, काकी अर्ज दिसतोय हो, पण पोर्तुगालवाल्यांची नोटीस परत आलीय, पत्ता जुना. म्हटलं मग हे मला का नाही कळवलं, माझा मोबाईल नंबर आहे ना अर्जावर? तो म्हणाला, तसा ऑप्शन आमच्याकडे नाही, तुम्ही येऊन विचारायचं. म्हणजे सगळं ऑनलाइन करून शेवटी येऊन विचारायचंच आहे. त्या पोराचा काही दोष नाही, त्याला जी स्क्रीन दिली त्याच्यात ते बटणच नव्हतं. ज्याने स्क्रीन बनवली त्याने म्युटेशनसाठी वाट बघणाऱ्या माणसाशी एकदा बोलायला हवं होतं.

दुसरं, नावांचं स्पेलिंग. मथळे देवनागरीत आहेत पण माणसांची नावं इंग्रजी अक्षरांत, आणि आमच्या घराण्याचं आडनाव एका कागदावर पोर्तुगीज वळणाचं, दुसऱ्यावर इंग्रजी वळणाचं, आधारवर तिसरंच. गोव्यात हे घरोघरी आहे, शिरोडकर कुठे एक्सने सुरू होतो कुठे एस-एचने, नाईक दोन तऱ्हेचे, कामत तर ओळखूच येत नाहीत. हाताने काम चालायचं तेव्हा कारकून घराणं ओळखायचा. कॉम्प्युटर ओळखत नाही, त्याच्यासाठी ती दोन वेगळी माणसं. मग प्रतिज्ञापत्र करा की हे दोघे एकच. तिसरं, एका कचेरीत डिजिटल सहीचा उतारा दिला तर तिथे सांगितलं शिक्क्याची प्रत आणा. हा प्रकार ऐकून मला इतका राग आला. शिक्का नको म्हणून तर डिजिटल सही आणली, मग ती मानायची नाही तर कशाला एवढा खर्च? तुम्हाला कोणी असं सांगितलं तर उताऱ्यावरची पडताळणीची खूण दाखवा आणि साहेबांशी बोला, माझं काम तसं झालं.

दस्त नोंदणीबद्दल थोडक्यात, कारण तिथे तक्रार कमी. केंद्र सरकारची एनजीडीआरएस म्हणून सिस्टीम आहे, एनआयसी ह्या सरकारी कॉम्प्युटर संस्थेच्या पुण्याच्या लोकांनी बनवलेली, तीच गोव्यात चालते. माहिती आधी ऑनलाइन भरायची, फी ऑनलाइन, मग ठरलेल्या वेळी जायचं, फोटो, अंगठा, सही, स्कॅन. पूर्वी दस्त नोंदवून झाल्यावर परत मिळेपर्यंत जीव टांगणीला असायचा, आता ते गेलं. एकच सूचना, माहिती सहसा वकिलाकडची मुलगी भरते आणि आपण नुसते सहीला जातो. ती भरलेली माहिती आधी प्रिंट करून मागा आणि सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा एक-चौदाशी लावून बघा. एकदा नोंद झाली की एका आकड्यासाठी दुरुस्तीपत्र करावं लागतं.

पण एक लक्षात ठेवा, दस्त नोंदवला म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली असं नाही. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याने कागद नोंदवतात, मालकी नव्हे. विकणाऱ्याकडे हक्क होता का ते बघणं तुमचं काम. एक-चौदाही तसाच, आपल्या कोडच्या कलम १०५ ने त्यातली नोंद खरी धरतात पण उलट सिद्ध होईपर्यंतच. ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स पद्धत आहे, तिथे रजिस्टरमध्ये नाव म्हणजे मालक, सरकार जबाबदार. आपल्या देशाने २००८ मध्ये राष्ट्रीय भू-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू केला तेव्हा शेवटचं ध्येय हेच सांगितलं होतं, पुढे २०१६ ला त्याच्या नावाला डिजिटल इंडिया जोडलं, मग प्रत्येक तुकड्याला १४ आकडी नंबर द्यायचं २०२१ मध्ये सुरू झालं, भू-आधार म्हणतात त्याला. नंबर देणं चांगलंच आहे. पण हमी द्यायची तर आधी त्या नंबरामागचा माणूस खरा हवा, आणि गोव्यात तो अर्ध्या ठिकाणी स्मशानात गेलेला आहे.

पोर्तुगीज रजिस्टरांचं म्हणाले होते ते आता. कोन्सेर्वातोरिया म्हणजे त्यांचं जमीन नोंदणीचं कार्यालय, त्याच्या जाड वह्यांत प्रत्येक मालमत्तेचं वर्णन आणि त्याच्यापुढे कोणाच्या नावे ती नोंद. पूर्वेला अमक्याचं भाट, पश्चिमेला ओहोळ, अशा हद्दी. शिवाय मात्रीज, ते कराचं रजिस्टर. खरं सांगायचं तर मालकीच्या बाबतीत ती जुनी नोंद नुसत्या सर्व्हेच्या उताऱ्यापेक्षा वजनदार मानतात, त्यामुळे अजूनही मोठ्या व्यवहारात वकील ती काढायला लावतात. पण जुनं वर्णन आणि आजचा सर्व्हे नंबर ह्यांची सरळ जोडणी कुठे एका क्लिकवर मिळत नाही. त्याच्यासाठी जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवून सर्व्हेअरचा अहवाल काढायचा. ह्या फटीतच चोर शिरले. जून २०२२ मध्ये सरकारला जमीन हडप प्रकरणांसाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. बनावट जुने दस्त, खोटे वारस, आणि नेमक्या अशा जमिनी ज्यांचे मालक परदेशात किंवा मेलेले. आणि मग त्या बनावट कागदावर रीतसर म्युटेशन.

काही जण ह्याच्यावर म्हणतात की उतारे ऑनलाइन उघडे टाकलेत म्हणून चोरांना सावज सापडतं. मला हे अजिबात पटत नाही. चोराला कचेरीतून माहिती तेव्हाही मिळत होती, मालकाला मात्र मिळत नव्हती. उघडं आहे म्हणूनच आज लंडनला बसलेला माणूस बघून ओरडू शकतो. बंद करू नका, उलट पुढे जा. माझ्या सर्व्हे नंबरावर कोणी म्युटेशनचा अर्ज टाकला, कोणी दस्त सादर केला, कोणी पार्टिशन मागितलं, की उताऱ्यावरच्या प्रत्येक माणसाच्या किंवा त्याच्या वारसाच्या मोबाईलवर मेसेज गेलाच पाहिजे, सक्तीने, आणि तो गेल्याची नोंद झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकता कामा नये. बँक दहा रुपये काढले तरी कळवते.

ज्या पोर्तुगालने आपल्याला ती रजिस्टरं दिली त्यांचंही घर ह्या बाबतीत नीट नव्हतं बरं का. २०१७ मध्ये तिथे जंगलात भयंकर आगी लागल्या, माणसं गेली, आणि मग रानातल्या जमिनींचे मालकच माहीत नाहीत हा प्रश्न किती मोठा आहे ते सगळ्यांना कळलं, त्याच वर्षी त्यांनी कायदा करून एक खिडकी सुरू केली जिथे लोकांनी येऊन नकाशावर आपली जमीन दाखवायची. म्हणजे सरकारने लोकांना बोलावलं की या आणि सांगा तुमची कुठली. आपल्याकडे असं वारसनोंदीचं गावागावात शिबिर घेतलं पाहिजे, पंचायतीच्या हॉलमध्ये, तलाठी, नोटरी आणि सर्व्हेअर तिघे एका टेबलावर. सत्तरी तालुक्यात तर ह्याची फारच गरज आहे, तिथे आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) आणि मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) जमिनींवर पिढ्यान् पिढ्या काजू काढणाऱ्यांची नावं कब्जेदार म्हणून नाहीत, आणि डिजिटल उतारा त्यांना काय देणार, नाव नसल्याचा स्वच्छ छापील पुरावा.

कर्नाटकातलं एक मात्र उचलण्यासारखं आहे. त्यांच्या भूमी प्रकल्पात, २००० च्या सुमाराची गोष्ट, म्युटेशनचे अर्ज आले त्या क्रमानेच घ्यायचे असं सॉफ्टवेअरमध्येच बांधून टाकलं. ओळख असलेल्याचा अर्ज वर काढता येणार नाही. लाच का देतात लोक, रांग तोडायला, तर रांग तुटतच नसेल तर? हे बटण आमच्याकडेही हवं आणि माझा नंबर रांगेत कितवा ते मला घरून दिसायला हवं.

नकाशाबद्दल एवढंच की भूनक्शा ह्या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपला तुकडा बघता येतो, आजूबाजूचे नंबर कळतात, फार उपयोगी आहे, रस्ता कुठून दाखवलाय तेही समजतं. पण फोन हातात घेऊन बांधावर उभं राहून शेजाऱ्याला सांगू नका की तुझा माड माझ्यात आला. हद्दीसाठी सर्व्हेअर बोलवा, दगड शोधा, तोच कायद्याने धरतात. मे २०२५ मध्ये केंद्राने नवीन नोंदणी विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला, त्याच्यात कागद ऑनलाइनच सादर करायची सोय आहे, १९०८ च्या कायद्याच्या जागी येईल तो. चांगलं आहे, पण ती परत दस्त नोंदवायचीच सुधारणा, उताऱ्यावरच्या नावाची नाही.

तर ज्यांना आत्ताच काही करायचंय त्यांनी चवथीची (गणेश चतुर्थीची) वाट बघा, सगळे घरी येतात तेव्हा. त्याच्या आधी एक-चौदा काढून ठेवा, प्रत्येक हिस्सा नंबराचा वेगळा. फेरफार नंबर दिसेल त्याची फॉर्म नऊची प्रत मागवा, ती जुनी नोंद कशावरून झाली ते त्याच्यात असतं. मग सगळे बसलेले असताना प्रत्येक नावापुढे लिहा, कोण केव्हा गेलं, लग्न कोणाशी, मुलं किती, मुलीसुद्धा, आणि आत्ता कुठल्या देशात आहेत आणि पत्ता काय. जो पोर्तुगालला आहे त्याचा खरा पत्ता आणि फोन तेव्हाच घ्या. मृत्यूचे दाखले पंचायतीतून किंवा सिव्हिल रजिस्ट्रारकडून, लग्नाचे दाखलेही, कारण त्याशिवाय बायकांचा निम्मा हिस्सा डीडमध्ये येत नाही आणि डीडमध्ये नाही तर उताऱ्यावर येणारच नाही. स्पेलिंग सगळीकडे एकच घ्या, आधारवर आहे ते. बाहेर असलेल्याने मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत करून पाठवायला सांगा आणि मगच अर्ज टाका, नाहीतर आमच्यासारखी नोटीस परत येऊन अडकून बसते. आमचा अर्ज अजून प्रलंबितच आहे, नवीन पत्ता दिलाय, नोंद झाली की इथेच स्टार वाढवीन.